चर्चिलच्या शेजारचा माणूस

विन्स्टन चर्चिल यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं त्याचे ढोबळमानानं दोन सूर आहेत. एका सुरात ते हिटलरपुढे न झुकलेले पोलादी पुरुष असतात. दुसऱ्या सुरात ते बंगालच्या दुष्काळाचे गुन्हेगार असतात, गांधीजींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हणून हिणवणारे कट्टर साम्राज्यवादी असतात. दोन्हीकडची मंडळी हिरिरीनं भांडतात आणि दोघांच्याही पदरी पुरावे असतात. पण एक गोष्ट दोघेही न तपासता धरून चालतात, ती म्हणजे १९४० ते १९४५ या काळातलं ब्रिटन म्हणजे एकटे चर्चिल. श्रेय द्यायचं तर त्यांना आणि शिव्या घालायच्या तर त्यांनाच.

मला हे गृहीतच मान्य नाही. युद्धकाळातलं संयुक्त सरकार मे १९४० मध्ये बनलं आणि मे १९४५ मध्ये विसर्जित झालं. त्याच्या युद्ध मंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत बसलेली माणसं दोनच होती. एक चर्चिल. दुसरे मजूर पक्षाचे नेते क्लेमेंट ॲटली. पुढं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा याच ॲटलींच्या सरकारनं केला, तरी आपल्या शालेय पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते.

हे मी आज लिहितो आहे त्याला कारण आहे. ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत ‘खंबीर नेता हवा’ ही मागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की खंबीरपणा म्हणजे कुणाचंही न ऐकणं, असाच तिचा अर्थ होऊन बसला आहे. युद्धाचे ढग जमले, साथ आली, अतिरेकी हल्ला झाला की चर्चिलचा दाखला हमखास निघतो. संकटात सगळी सूत्रं एकाच्याच हाती लागतात, बाकीच्यांनी गप्प बसावं, असं त्यातून सुचवायचं असतं. हा दाखलाच चुकीचा आहे. तो कसा चुकीचा आहे हे पाहायचं तर चर्चिलच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहावं लागतं.

ॲटलींचा जन्म ३ जानेवारी १८८३ रोजी लंडनच्या पटनी भागात झाला. वडील सुखवस्तू सॉलिसिटर, आठ भावंडांत हे सातवे. शाळा हेलीबरी. ज्या जागेवर ही शाळा भरते तिथंच पूर्वी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलकी अधिकाऱ्यांना हिंदुस्थानात पाठवण्याआधी तयार करत असे. पुढं ऑक्सफर्डला इतिहास, मग बॅरिस्टरी. तोवर विचारानंही ते हुजूर पक्षाकडेच झुकलेले. अशा घरातल्या, अशा शाळेतल्या मुलाचा रस्ता ठरलेला असे.

तो रस्ता बदलला पूर्व लंडनमधल्या स्टेपनीत. १९०५ साली ॲटली तिथल्या गरीब मुलांच्या एका क्लबात जाऊ लागले. क्लब त्यांच्या शाळेनंच चालवलेला. गोदीत आणि कारखान्यांत राबणाऱ्या घरांतली पोरं संध्याकाळी तिथं कवायतीला, खेळायला येत. बेत एवढाच होता की अधूनमधून जावं, थोडी समाजसेवा करावी. दोन वर्षांत ते क्लबाचे व्यवस्थापक झाले आणि मुक्कामालाच तिथं गेले. तेव्हा लंडनच्या गोदीत हमाली रोजंदारीवर चाले. सकाळी फाटकाशी घोळका जमायचा, मुकादमानं ज्याच्याकडे बोट केलं त्याला काम, बाकीच्यांनी घरी जायचं. त्या दिवशी घरात चूल पेटणार की नाही हे त्या बोटावर ठरायचं. आळशी असतात म्हणून माणसं गरीब राहतात हे ज्या वर्गात सहज बोललं जाई त्या वर्गातून आलेला हा तरुण रोज अशा घरांत वावरत होता. परोपकारानं हे सुटणार नाही, कायद्यानं आणि सरकारी खजिन्यानंच सुटेल, या निष्कर्षावर तो आला. १९०८ साली तो मजूर पक्षाशी जोडलेल्या इंडिपेंडंट लेबर पार्टीचा सभासद झाला. चाळीस वर्षांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि सार्वत्रिक सामाजिक विमा ज्या सरकारनं आणला त्याची मुळं या वस्तीत आहेत.

पहिल्या महायुद्धात ॲटली आपणहून सैन्यात गेले. त्यांचा भाऊ टॉम युद्धविरोधी होता, लढायला नकार दिल्यामुळे तो तुरुंगात गेला. एका घरातले दोन भाऊ दोन टोकांना, आणि तरी दोघांतला पत्रव्यवहार आयुष्यभर चालू राहिला. क्लेमेंट आधी तुर्कस्तानात गॅलिपोलीला होते. डिसेंबर १९१५ मध्ये सुव्हला उपसागरातून सैन्य माघारी निघालं तेव्हा अगदी शेवटी किनारा सोडणाऱ्यांत ते होते. पुढच्या वर्षी मेसोपोटेमियात ते जबर जखमी झाले आणि उपचारासाठी त्यांना आधी हिंदुस्थानात आणलं गेलं. गॅलिपोलीची मोहीम ही चर्चिलची कल्पना. ती फसली आणि चर्चिलच्या कपाळी तो डाग कायमचा बसला. ॲटलींचं मत मात्र वेगळं होतं. बेत योग्य होता, अंमलबजावणी भिकार झाली, असं ते शेवटपर्यंत मानत. ज्याच्या बेतापायी आपण मरणाच्या दारात गेलो त्याच्याबद्दल असा थंड डोक्यानं निवाडा करणं ही साधी गोष्ट नव्हे. १९४० साली चर्चिलच्या हाताखाली काम करायला ते का तयार झाले याचं एक उत्तर मला इथं सापडतं.

हिंदुस्थानशी त्यांचा राजकीय संबंध आला तो आपल्याला रुचणार नाही अशा निमित्तानं. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबई बंदरात उतरलेल्या सायमन कमिशनचे ते सभासद होते. सात सभासद, सातही गोरे. ‘सायमन परत जा’ ही घोषणा मुंबईच्याच युसूफ मेहेरअलींची. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या कमिशनसमोर साक्ष दिली ते हेच, आणि लाहोरात ज्या कमिशनविरुद्धच्या मोर्चात लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या तेही हेच. १९३० साली आलेल्या अहवालात वसाहतीच्या स्वराज्याचा शब्दही नव्हता. पण दोन दौऱ्यांत ॲटलींनी या देशाचा जो अभ्यास केला तो वाया गेला नाही. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानवर बोलणाऱ्या बहुतेकांपेक्षा त्यांना इथली गुंतागुंत जास्त कळत होती, आणि तिसाच्या दशकात ते कमिशनच्या अहवालापेक्षा बरेच पुढं गेले. चर्चिल मात्र याच दशकात हिंदुस्थानला मर्यादित अधिकार देणाऱ्या विधेयकाविरुद्ध स्वतःच्या पक्षाशी भांडत होते.

१९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्ष ५२ जागांवर घसरला. मोठमोठी माणसं पडली, ॲटली लाइमहाउसमधून साडेपाचशेच्या आसपास मतांनी जेमतेम वाचले. १९३५ साली त्यांना नेता केलं ते ‘तूर्तास’ म्हणून. तो तूर्तास वीस वर्षं चालला.

आता मे १९४०. नॉर्वेत ब्रिटिश फौजांच्या झालेल्या फजितीवर ७ आणि ८ मे रोजी पार्लमेंटात चर्चा झाली, हुजूर पक्षाचे पंतप्रधान चेंबरलेन यांचं बहुमत ८१ वर आलं. राजीनामा देण्याऐवजी सर्वपक्षीय सरकार करून आपणच पंतप्रधान राहावं, असा चेंबरलेन यांचा विचार होता. त्यांनी ॲटली आणि त्यांचे उपनेते आर्थर ग्रीनवुड यांना विचारलं. उद्याच्या उद्या देश बुडेल अशी स्थिती आणि समोरून सत्तेचं निमंत्रण. ॲटलींचं उत्तर होतं की मी पक्षाला विचारतो. बोर्नमथला पक्षाची कार्यकारिणी जमली होती. १० मे रोजी, जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या त्याच दिवशी, कार्यकारिणीनं ठरवलं आणि ॲटलींनी तिथून डाउनिंग स्ट्रीटला फोनवर कळवलं, की सरकारात येऊ, पण चेंबरलेन यांच्या हाताखाली नाही. त्या संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाले. पोलादी पुरुष सत्तेवर आला तो या फोननं उघडलेल्या दारातून. राजवाड्यानं किंवा एकट्या हुजूर पक्षानं तेव्हा निवड केली असती तर परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांचंच नाव पुढं होतं.

पुढचे काही दिवस याहून निर्णायक. युद्ध मंत्रिमंडळात पाच माणसं होती: चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स, ॲटली आणि ग्रीनवुड. २६ ते २८ मे या तीन दिवसांत, डंकर्कच्या किनाऱ्यावर सैन्य अडकलेलं असताना, हॅलिफॅक्स यांचा आग्रह होता की मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी काय मिळतात ते तरी पाहावं. हॅलिफॅक्स आणि चेंबरलेन हे सत्तारूढ पक्षाचे दोन सर्वांत वजनदार नेते. चर्चिल अजून त्या पक्षाचे अध्यक्षही झाले नव्हते. ॲटली आणि ग्रीनवुड ठाम उभे राहिले आणि पाचांतलं पारडं चर्चिलच्या बाजूला आलं. त्या बैठकांत ॲटली फार थोडं बोलले. तहाची भाषा नुसती सुरू झाली तरी लोकांचं मनोधैर्य खचेल, असा त्यांचा मुद्दा होता. ‘आम्ही समुद्रकिनाऱ्यांवर लढू’ हे भाषण त्यानंतर आठवडाभरानं झालं. ते भाषण शक्य झालं ते आधी बंद खोलीत पाचांपैकी तिघांनी एक बाजू धरल्यामुळे, आणि त्या तिघांतले दोघे विरोधी पक्षाचे होते. आपल्याकडे चर्चिलची नक्कल करू पाहणाऱ्या किती नेत्यांनी विरोधकांना अशा बैठकीत बसवलं असतं?

पाच वर्षं चर्चिल रणनीती, फौजा, रूझवेल्ट आणि स्टालिन यांच्यात गुंतलेले असत. घर चालवत होते बव्हंशी मजूर पक्षाचे मंत्री. कामगारखात्यावर अर्नेस्ट बेव्हिन, गृहखात्यावर हर्बर्ट मॉरिसन. ॲटली १९४२ पासून उपपंतप्रधान, चर्चिल परदेशी गेले की मंत्रिमंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठका वेळेवर सुरू होत आणि वेळेआधी संपत. कागद वाचून या, मुद्द्याचं बोला, निर्णय नोंदवा, अशी रीत. ऐकायला नीरस वाटतं. पण शिधापत्रिकेवरचं साखरेचं माप, खाणीतले मजूर, बॉम्बहल्ल्यात बेघर झालेल्यांची सोय, हे सगळं अशाच नीरस बैठकांत ठरतं.

१९ जानेवारी १९४५ चा एक प्रसंग मला या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी ॲटलींनी चर्चिलना सुमारे दोन हजार शब्दांचं पत्र लिहिलं. कचेरीतल्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून स्वतःच, अडखळत टाइप केलं. मजकूर रोखठोक होता. तुम्ही समित्यांचे अहवाल न वाचताच बैठकीला येता. जो विषय दोन मिनिटं कागद वाचून कळला असता त्यावर तुम्ही तास तास बोलता. मंत्र्यांनी मेहनत करून एकमतानं काढलेले निष्कर्ष तुम्ही बाजूला सारता, आणि युद्ध मंत्रिमंडळात नसलेल्या बीव्हरब्रुक आणि ब्रॅकन या आपल्या खास मित्रांच्या शब्दाला जास्त वजन देता. असं त्यांनी लिहिलं कुणाला, तर युद्ध जिंकत आलेल्या, जगभर जयजयकार चाललेल्या पंतप्रधानाला. चर्चिल भडकले. दिवसभर उत्तरांचे मसुदे घडत आणि फाटत राहिले. मग त्यांनी आपल्या माणसांना पत्र दाखवलं, तर पत्नी क्लेमेंटाइन यांनीच ॲटलींची बाजू बरोबर ठरवली. अखेर गेलं ते चार ओळींचं सभ्य उत्तर. कुणाचं मंत्रिपद गेलं नाही, कुणावर देशद्रोहाचा शिक्का बसला नाही.

त्याच काळात बर्लिनमध्ये असं पत्र कोण कुणाला लिहिणार होतं? हिटलरच्या मंत्रिमंडळाची शेवटची रीतसर बैठक फेब्रुवारी १९३८ मध्ये झाली. संपूर्ण महायुद्ध मंत्रिमंडळाच्या एकाही बैठकीशिवाय लढलं गेलं, आणि ते कसं संपलं हे आपल्याला ठाऊक आहे. यावर स्टालिनचं नाव पुढं केलं जाईल. तोही एकहाती सत्ताधीश होता आणि जिंकला, हे खरं. पण जून १९४१ मध्ये जर्मन हल्ल्याचे इशारे त्याच्या टेबलावर पडून होते, आणि ते खरे मानायला लावण्याची हिंमत भोवतालच्या एकाचीही नव्हती, कारण हिंमत असलेल्यांना त्यानं आधीच गोळ्या घातल्या होत्या. पहिल्या काही महिन्यांत लाखो सैनिक मारले आणि पकडले गेले. सोव्हिएत जनतेनं त्या चुकीची भरपाई रक्तानं केली. त्याला खंबीर नेतृत्वाचा विजय म्हणणं मला जमत नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर हे एका सज्जनाचं गुणगान झालं असतं. ते पुरेसं नाही, विशेषतः आपण हिंदुस्थानी असताना.

ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल कैरो आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर होते. काँग्रेसच्या नेत्यांना अटक करण्यावर लंडनमध्ये शिक्कामोर्तब झालं तेव्हा युद्ध मंत्रिमंडळाचे अध्यक्ष ॲटली होते. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं, नेहरू, पटेल, आझाद यांना नगरच्या किल्ल्यात. आगाखान पॅलेसमध्येच आधी महादेवभाई देसाई आणि मग कस्तुरबा गेल्या. ज्या माणसानं बोर्नमथला ‘पक्षाला विचारतो’ म्हटलं त्यानं एका अख्ख्या पक्षाला तुरुंगात घालण्यावर सही केली.

आणि १९४३ चा बंगाल. दुष्काळात मेलेल्यांचा सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज पंधरा लाखांचा होता, नंतरच्या अभ्यासकांचा तीस लाखांच्या घरात जातो. भारतमंत्री एमरी आणि व्हाइसरॉय वेव्हेल धान्याची जहाजं पुन्हा पुन्हा मागत होते आणि युद्ध मंत्रिमंडळ मागितल्याच्या मानानं फारच थोडं देत होतं. चर्चिलचा हिंदुस्थानबद्दलचा द्वेष एमरींनीच आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. पण त्या टेबलाशी चर्चिल एकटे नव्हते. स्टेपनीतली भूक डोळ्यांनी पाहिलेले ॲटली त्या मंत्रिमंडळात होते, बेव्हिन होते, मॉरिसन होते. जानेवारी १९४५ मध्ये कागद न वाचण्यावरून दोन हजार शब्द लिहिणाऱ्या माणसानं बंगालसाठी तसं पत्र लिहिल्याचं इतिहासात नाही. चर्चिलना एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की बाकीचे सगळे निर्दोष सुटतात. सामूहिक नेतृत्वाचं श्रेय मी मे १९४० साठी वाटून देतो आहे, तर १९४३ चा दोषही तसाच वाटला पाहिजे.

माझ्या मते यात ॲटलींच्या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. समिती, कागद, चर्चा, नोंद ही पद्धत त्यांना न्याय देते ज्यांचा माणूस त्या खोलीत आहे, किंवा ज्यांचं मत पुढच्या निवडणुकीत मोजलं जाणार आहे. स्टेपनीच्या हमालाकडे मत होतं. मिदनापूरच्या शेतमजुराकडे लंडनमधलं सरकार पाडायचा कोणताही मार्ग नव्हता. सायमन कमिशनमध्ये एकही हिंदी माणूस नव्हता म्हणून आपण काळे झेंडे दाखवले. युद्ध मंत्रिमंडळातही बंगालचं दुखणं बोलणारा त्यांच्यातलाच कुणी साहेब होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

ज्यांच्याकडे मत होतं त्यांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे. जर्मनी शरण आल्यावर दोन महिन्यांत, जपानशी युद्ध चालू असताना, ब्रिटनमध्ये निवडणूक झाली. मजूर पक्ष सत्तेत आला तर गेस्टापोसारखं पोलीसराज येईल, असं चर्चिल रेडिओवर बोलले. दुसऱ्या दिवशी ॲटलींनी शांतपणे उत्तर दिलं, की युद्धातला राष्ट्राचा नेता चर्चिल आणि पक्षाचा प्रचारक चर्चिल यांतला फरक त्यांनी स्वतःच लोकांना दाखवून दिला, हे बरं झालं. प्रचारभर ॲटली घरच्या छोट्या मोटारीतून हिंडले, गाडी पत्नी व्हायोलेट चालवत होत्या. २६ जुलैला निकाल लागला आणि मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. लोक चर्चिलबद्दल कृतज्ञ होते आणि तरी त्यांनी त्यांना घरी पाठवलं. कृतज्ञता म्हणून सत्ता द्यायची नसते हे त्या मतदारांना कळत होतं, आणि आपल्या मतदारांना ते कळावं असं मला मनापासून वाटतं.

पुढची सहा वर्षं कुणी वाचली तर थक्क होईल. तिजोरी रिकामी, पाव शिधापत्रिकेवर, आणि अशा काळात कोळसा आणि रेल्वे सरकारी मालकीची झाली, ५ जुलै १९४८ पासून प्रत्येकाला मोफत औषधोपचार मिळू लागला. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हनसारखा धगधगता माणूस आणि बेव्हिनसारखा त्याचा कट्टर वैरी एकाच मंत्रिमंडळात राबत राहिले, कारण अध्यक्षाला स्वतःची पाठ थोपटून घ्यायची नव्हती. अणुबाँबच्या बाबतीत मात्र ॲटलींनी स्वतःचीच रीत मोडली. जानेवारी १९४७ मध्ये तो निर्णय मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त समितीत घेतला गेला, बाकीच्या मंत्रिमंडळाला अंधारात ठेवून. तो दोष त्यांच्या खात्यावर राहणारच.

हिंदुस्थानबाबत २० फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी जाहीर केलं, की जून १९४८ पर्यंत सत्ता सोडू. चर्चिलनी पार्लमेंटात कडाडून विरोध केला. तारीख जाहीर करणं हे माझ्या मते बरोबर होतं. तारखेशिवायच्या आश्वासनांवर इथं कुणाचाच विश्वास उरला नव्हता, आणि वर्षभरापूर्वी मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी केलेल्या उठावानं राज्य टिकवण्याचं बळ उरलं नसल्याचं दाखवलंच होतं. पण माउंटबॅटन यांनी ती तारीख दहा महिन्यांनी अलीकडे ओढली तेव्हा ॲटलींनी अडवलं नाही. सीमारेषा जाहीर झाली ती स्वातंत्र्यानंतर, १७ ऑगस्टला. पंजाबात कमीत कमी दोन लाख माणसं मेली, काही अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. कागद नीट वाचण्याबद्दल ख्याती असलेल्या पंतप्रधानानं हा एक कागद घाईनं वाचला, असंच मला म्हणावं लागतं.

लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधल्या चर्चिलच्या पुतळ्यावर २०२० साली कुणीतरी ‘वंशवादी’ असं रंगवलं तेव्हा आपल्याकडेही बंगालवरून पुन्हा वाद पेटला. तो वाद व्हायलाच हवा. पण तो करताना १९४३ च्या युद्ध मंत्रिमंडळाची इतिवृत्तं काढून वाचा, ती आता खुली आहेत. प्रत्येक इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर हजर असलेल्यांची यादी असते. ती वरपासून खालपर्यंत वाचा, आणि प्रश्न त्यातल्या प्रत्येकाला विचारा.